अकरा अंड्यांची पेटी

आईने तिसरं अंडं पातेल्याच्या काठावर आपटायला उचललं तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

“अगं, काय करतेस? सोड हात. बाहेर माणसं बसली आहेत.”

“ही अंडी कुठली?”

“मागच्या शेडमधली. ट्रेमध्ये होती. घरात दुसरं आहे काय? पाच दिवस बाजाराचं तोंड पाहिलेलं नाही कुणी.”

पातेल्यात दोन बलक एकमेकांना चिकटून पडले होते. मी आईच्या हातातलं अंडं काढून घेतलं, ओट्यावरचा ट्रे उचलला आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाबांना जाऊन एक दिवस झाला होता. भेटायला आलेल्या माणसांना न्याहारी मिळाली की नाही, मला आठवत नाही. मी अंडी मोजली. अकरा होती.

बाबांच्या कोंबड्यांपैकी त्या अकरा अंड्यांखेरीज काही उरलं नव्हतं, आणि त्याला कारण मी होते. हे मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

झालं ते इतकंच. मी दोन दिवसांसाठी घरी आले होते. संध्याकाळी बाबा एक जुनं शिलाई मशीन उघडून बसले होते. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. हात तेलाने माखले होते म्हणून मला म्हणाले, “आज खुराडं तू बंद कर.” मी मागे गेले. कोंबड्या एकेक करून आत शिरल्या, दांड्यावर चढल्या, जागेवरून भांडल्या आणि गप्प झाल्या. मी दार ओढून घेतलं, कडीला हात घातला आणि तेवढ्यात आतून आईची हाक आली. तशी हाक तिने आयुष्यात कधी मारली नव्हती. मी धावले. बाबा मशीनवर पालथे पडले होते.

त्यानंतर कडीची आठवण मला झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यातून कपडे न्यायला आले तेव्हा. अंगणभर पिसं होती. कुत्री होती की मुंगूस, कोण जाणे. नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. खाल्लेली एकच होती. बाकीच्या नुसत्या मारून टाकलेल्या. मी त्या गोणीत भरल्या, लांब नेऊन पुरल्या आणि अंगण धुतलं. आईला दवाखान्यात हळूच सांगितलं, “कोंबड्या गेल्या. कुणीतरी आत शिरलं.” ती म्हणाली, “बरं.” तेवढंच.

बाबा चार दिवस जगले. दुसऱ्या दिवशी त्यांना थोडं बोलता येऊ लागलं. त्यांनी विचारलं, “कोंबड्या?”

“मजेत आहेत.”

“बंद केल्यास ना?”

“केल्या.”

“ट्रेमधली अंडी तिच्याखाली ठेव. बसली असेल एव्हाना.”

त्यांची एक कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसायच्या बेतात होती. तिच्यासाठी त्यांनी तेरा अंडी निवडून, निमुळतं टोक खाली करून ठेवली होती. मी म्हटलं, “ठेवते.” त्यांनी डोळे मिटले. मी खोटं बोलले याची मला लाज वाटली नाही. ते खोटं अजून थोडं खरं करता येईल असं मात्र मला वाटत राहिलं.

त्या कोंबड्या राखाडी होत्या, मानेवर तांबूस झाक, पाय काळे. बावीस वर्षं बाबांनी ते वाण राखलं होतं. दर तीन-चार वर्षांनी ते बाहेरून एखादा कोंबडा आणत, पण कोंबड्या मात्र पहिल्या जोडीच्याच लेकी-नाती. “एक कोंबडी उरली तरी वाण चालतं,” ते म्हणायचे. “कोंबडा काय, कुठूनही आणता येतो.” यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं, “माणसांचंही तसंच आहे.”

*

फ्रिजकाका बाबांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्या दुकानात दारं काढलेले फ्रिज भिंतीला लावून ओळीने उभे असतात आणि काका मध्ये स्टुलावर बसलेले असतात. मी गेले तेव्हा ते काहीच करत नव्हते. मला पाहून उठले, पुन्हा बसले.

“मला उबवणीची पेटी करायची आहे,” मी म्हटलं. “आजच्या आज.”

“अंडी किती दिवसांची?”

“कमीत कमी सहा. काही नऊ-दहाची असतील.”

“म्हणजे शिळी व्हायला आली.” त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. “पोरी, उभा जन्म मी गार करण्यात घालवला. आता म्हातारपणी गरम करायला लावतेस?”

“येतं का तुम्हाला?”

“न यायला काय झालं? चाळीस वर्षं गरमी आत येऊ दिली नाही. आता ती बाहेर जाऊ द्यायची नाही. खोकं तेच.”

खोकं थर्माकोलचं होतं, मासे बर्फात घालून पाठवतात तसं, झाकणासकट. दोन वेळा धुऊनही त्याचा वास गेला नाही. झाकणात आम्ही चौकोन कापला आणि त्यावर फ्रिजच्या कप्प्याची काच बसवली. तळापासून चार बोटं वर तारेची जाळी, तिच्याखाली पाण्याची उथळ ताटली, ताटलीत स्पंज. कोपऱ्यात जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, हवा फिरती राहावी म्हणून. शीतपेयांच्या कपाटाला असतो तसला एक कंट्रोलर काकांनी काढला. त्याची तार आत सोडली की आतलं तापमान बाहेर लाल आकड्यांत दिसतं, आणि ठरवलेल्या आकड्यावर तो दिवा चालू-बंद करतो.

अडलं ते दिव्यापाशी. मी बाजारातली सात दुकानं फिरले.

“हा घ्या, एलईडी. बारा वर्षं बघायला नको.”

“मला तापणारा हवा आहे. जुना, तारेचा.”

“तापणारा?” दुकानदार हसला. “ताई, तापतो म्हणूनच तर लोकांनी तो टाकून दिला.”

परत आले तेव्हा माझा चेहरा काकांनी पाहिला असावा. त्यांनी काही न विचारता पेचकस घेतला आणि ओळीतले मेलेले फ्रिज एकेक करून पाहायला सुरुवात केली. दार उघडल्यावर आत जो इवलासा दिवा लागतो, तो जुन्या फ्रिजमध्ये तारेचाच असतो. सहा फ्रिजमधून चार चालू दिवे निघाले. “घे,” ते म्हणाले. “दही-दूध सांभाळलं, आता हे सांभाळतील.”

पेटी माझ्या खोलीत टेबलावर ठेवली. दिवे लागले, आकडे चढू लागले. काकांनी विचारलं, “साडेसदतीस ना? आमच्या भाच्याच्या पोल्ट्रीत साडेसदतीसच ठेवतात.”

मी तीन पुस्तकं चाळली होती. तिन्हींत साडेसदतीसच होतं. पण शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांच्या हातची पेन्सिलीची यादी होती. सहा वर्षांपूर्वी एकही कोंबडी खुडूक होईना, तेव्हा त्यांनीही असंच खोकं केलं होतं. यादीत लिहिलं होतं: ‘३६ वर ठेवणे. दिवसातून तीनदा फिरवणे. अठराव्या दिवसापासून हात लावू नये. १६ पैकी १४.’

“छत्तीस,” मी म्हटलं.

“दीड कमी?”

“बाबांनी छत्तीसवर सोळापैकी चौदा काढली होती.”

काकांनी कंट्रोलरवरचा आकडा खाली आणला. “मग छत्तीस,” ते म्हणाले. “त्याची अंडी, त्यालाच ठाऊक.”

मी मुद्रितशोधक आहे. आकडा खटकला की समासात पेन्सिलीने खूण करणं, यावर माझं पोट चालतं. तो आकडा मला खटकला होता. पण तीन पुस्तकं एकीकडे आणि ते वळणदार ‘३६’ दुसरीकडे, असं झाल्यावर मी पुस्तकांचं ऐकलं नाही. त्या दिवसांत बाबांच्या अक्षरातलं काहीही मला खोटं पाडायचं नव्हतं.

*

प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला मी फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुल्या वर, दुपारी गोल वर, संध्याकाळी पुन्हा फुल्या. हात धुऊन, झाकण कमीत कमी वेळ उघडून. ऑफिसात रजा वाढवून घेतली. साहेबांनी विचारलं, आई ठीक आहे ना. मी म्हटलं, तिच्यासाठीच थांबले आहे.

आई माझ्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. दारातूनच बोलायची.

“जेवायला येणार आहेस की खुडूक झालीस?”

“आले.”

“बावीस वर्षं माझी रोपं उकरली त्या मेल्यांनी. एक कुंडी धड राहू दिली नाही. सुटले म्हणत होते.”

“मग सूट ना. तुला कुणी काही करायला सांगितलंय?”

ती निघून जायची. आम्ही दोघी एकमेकींशी असंच बोलत होतो, एकेक वाक्य, जेवढं घर चालायला लागतं तेवढं. भेटायला येणारे कमी झाले. बाबांच्या दुकानात लोकांची सात मशीनं पडून होती. गिऱ्हाइकं ती एकेक करून घेऊन गेली. आई पावत्या शोधून द्यायची आणि मी पेटीशी बसायचे.

सातव्या दिवशी खोलीचे पडदे ओढले, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून आत बॅटरी ठेवली आणि एकेक अंडं भोकावर धरलं. फ्रिजकाका शेजारी उभे होते. पहिलं नुसतंच पिवळं उजळलं, कंदिलासारखं. रिकामं. दुसरंही. तिसऱ्यात मध्यभागी एक काळा ठिपका आणि त्यातून निघालेल्या लाल शिरा, कोळ्याच्या पायांसारख्या. ठिपका हलला.

“हलतंय,” काका कुजबुजले. “च्यायला, हलतंय गं!” मग जीभ चावून म्हणाले, “माफ कर.”

अकरापैकी तीन रिकामी निघाली. एकात रक्ताचं कडं होतं, म्हणजे धरून मेलेलं. सात जिवंत. पुस्तकातल्या चित्रात सातव्या दिवशीचा जीव याहून बराच मोठा होता. मी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं आणि स्वतःची समजूत घातली की आपलं वाण लहान चणीचं आहे.

दहाव्या दिवशी दुपारी वीज गेली. पंखा थांबला, आकडे विझले. मी पेटीभोवती रजई गुंडाळली, पाणी तापवून बाटल्यांत भरलं, पण बाटल्या दोनच निघाल्या. काच पुसून आत बघितलं; काही दिसण्यासारखं नव्हतंच. पाऊण तासाने बाटल्या बदलायला दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर आईची गरम पाण्याची रबरी पिशवी पडलेली होती, भरलेली, टॉवेलात गुंडाळलेली. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. शेगडीवर दुसरं आधण ठेवलेलं होतं. दोन तासांनी वीज आली. ती म्हणाली, “माझी पिशवी मला परत दे हो. गुडघे माझे आहेत.”

*

तेराव्या दिवशी मी अंघोळीला गेले होते आणि कंट्रोलर वाजू लागला. एक दिवा गेला होता. टॉवेल गुंडाळून धावत आले तर आई पेटीपुढे उभी होती. घरात पेटी आल्यापासून ती पहिल्यांदा आत आली होती.

“ओरडत होतं म्हणून आले,” ती म्हणाली. “पस्तीस-छत्तीस काहीतरी दाखवतंय. किती पाहिजे?”

“छत्तीस. दिवा बदलते.”

“छत्तीस? कमी नाही होत?”

“बाबांनी लिहून ठेवलंय. दारावर.”

“हो, पण ते त्यांच्या थर्मामीटरचं.” ती पेटीच्या काचेतून वाकून बघत होती. “शेडमध्ये टांगलेला, तो काचेचा. तो दीड कमी दाखवतो ना.”

मी बाहेरच्या लाल आकड्यांकडे पाहिलं.

“त्यांना माहीत होतं,” आई म्हणाली. “मी म्हटलंही होतं, नवीन आणा. तर म्हणे, मला ठाऊक आहे ना किती चुकतो ते, मग झालं. हे आपलं नेहमीचंच.”

हे आमचं नेहमीचंच होतं. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात एकही यंत्र खरं बोलत नसे. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं आणि लहानपणापासून मी त्यातून दहा वजा करत आले होते. स्वयंपाकघरातला काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवायचा. काय मिळवायचं आणि काय वजा करायचं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. शेडमधला थर्मामीटर मी कधी वापरला नव्हता, म्हणून तेवढा मला माहीत नव्हता. पण मला शंका यायला हवी होती. त्या घरात वाढलेल्या कुणालाही यायला हवी होती.

मी दिवा बदलला, अंगावर कपडे चढवले, शेडमध्ये जाऊन थर्मामीटर आणला, पुसला, अंड्यांशेजारी जाळीवर ठेवला. दहा मिनिटं आम्ही दोघी तिथे उभ्या होतो. बाहेर लाल आकडा ३६.० होता. आतला पारा साडेचौतीसवर होता.

बारा दिवस मी त्यांना थंडीत ठेवलं होतं.

“दुसऱ्यांदा,” मी म्हटलं. “दुसऱ्यांदा मारलं मी त्यांना.”

“काय बोलतेस?”

“खुराड्याची कडी मी लावली नव्हती. त्या दिवशी. हात घातला होता, तू हाक मारलीस आणि मी तशीच आले. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, लावली.”

आई पलंगावर बसली. मला वाटलं ती रडेल. तिने माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“कसं?”

“दवाखान्यातून आल्यावर मी मागे गेले होते. कडी सरळ खिळ्यावर लोंबत होती. कुणी दार तोडलं असतं तर वाकली असती. लावलीच नव्हती म्हणून सरळ होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तू अंगण धुऊन ठेवलं होतंस. इतकं स्वच्छ अंगण मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी हाक मारली नसती तर तू लावली असतीस. मी काय ते धरून बसू?”

मी खाली बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ती लगेच म्हणाली, “त्या गुडघ्यावर नको, या.” मग म्हणाली, “ऊठ. आधी ते वाढव.”

*

फ्रिजकाका आले, त्यांनी कंट्रोलर साडेसदतीसवर नेला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसले.

“मीच म्हटलं होतं,” ते म्हणाले. “आणि मीच ऐकलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतो, काट्यावर विश्वास ठेवू नका, हात लावून बघा.”

“आता पुढे?”

“जगलं तर उशिरा निघेल. किती उशिरा, ते देवालाही विचारू नकोस, त्याने थर्मामीटर बघितलेला नाही.”

यापेक्षा अवघड गोष्ट अशी होती, की अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावायचा नसतो. पिल्लू डोकं वर करून बाहेर यायच्या तयारीत असतं, त्याला तेव्हा फिरवलं तर दिशा चुकते. पण अठरावा दिवस कुठला? बाहेर तेरावा होता. आत कदाचित अकरावा, कदाचित दहावा. मी पुस्तकं पालथी घातली. थंडीत वाढलेल्या जिवाची तारीख कशी काढायची, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. शेवटी आई म्हणाली, “वीस धरा. मधलं काहीतरी.” आम्ही वीस धरले.

विसाव्या दिवशी पुन्हा उजेडावर पाहिलं. सातातली चार काळी आणि निश्चल होती. त्यांतल्या एकाला वास येऊ लागला होता. तीन जिवंत. मी फुल्या वर करून ती तीन ठेवली, पाण्याचा दुसरा स्पंज ठेवला आणि झाकण लावलं.

एकविसावा दिवस गेला. त्या दिवशी मी काचेपासून उठले नाही. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी ऑफिसातून फोन आला की सोमवारी यावंच लागेल. मी हो म्हटलं की नाही म्हटलं, ते आईने ऐकलं. मला आठवत नव्हतं. संध्याकाळी काका आले आणि बराच वेळ पेटीकडे न बघता बसले.

“पोरी,” ते म्हणाले, “आता बास कर.”

“अजून एक दिवस.”

“तू रोज हेच म्हणतेस. तुझा बाप असता ना, तर त्याने खोकं उलथं केलं असतं आणि म्हणाला असता, चला, चहा टाका.”

“ते नाहीत.”

काका उठून गेले. मला त्यांना थांबवता आलं नाही. एक पिल्लू निघालं तर मला काय मिळणार होतं, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर नव्हतं. पण एकही निघालं नाही तर काय होणार, ते मला नीट कळत होतं. मग दवाखान्यातलं ते ‘केल्या’ आणि ते ‘ठेवते’, दोन्ही शब्द तसेच उरणार होते, माझ्या तोंडात, माझ्या आयुष्याच्या शेवटापर्यंत.

चोविसाव्या दिवशी सकाळी आई माझ्या पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. आता ती खोलीतच बसायची. एकदम तिने हात वर केला.

“पंखा बंद कर.”

मी केला. पेटीतून आवाज आला. अगदी बारीक, दोन वेळा.

मधल्या अंड्याला फुलीच्या वरच्या बाजूला एक टवका उडाला होता, डाळीच्या दाण्याएवढा. त्यातून चोचीचं टोक दिसत होतं, आत-बाहेर होत होतं. मी पंखा पुन्हा लावला. आम्ही दोघी हसत होतो.

पण टवका तेवढाच राहिला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतही तो तेवढाच होता. आवाज येत होता, पण लांबून आल्यासारखा. टवक्याच्या कडेचा पापुद्रा पिवळट पडून कागदासारखा कडक झाला होता. मी आदल्या दिवशी आनंदाने चार वेळा झाकण उघडलं होतं, त्यात आतली वाफ गेली होती आणि पापुद्रा पिल्लाला चिकटला होता. पिल्लू आत फिरूच शकत नव्हतं.

“काढ त्याला,” आई म्हणाली.

“सगळी पुस्तकं सांगतात, मदत करू नका. शिर तुटली तर रक्त जाऊन मरतं.”

“आणि नाही काढलं तर?”

मी पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

“तुला चिमट्याने ओढून काढलंय, माहीत आहे ना? डोकं महिनाभर काकडीसारखं होतं. तेव्हा कुणी पुस्तक उघडून बसलं नव्हतं.”

आईने कोमट पाण्यात कापूस भिजवून दिला. मी बाबांचा मशीनचा बारीक चिमटा उकळून घेतला. टवक्याच्या कडेचं कवच कणाकणाने मोडलं, पापुद्रा कापसाने ओला केला. तो पारदर्शक झाला की आतल्या शिरा दिसत. लाल शीर दिसली की थांबायचं. एकदा थांबायला उशीर झाला आणि रक्ताचा एक थेंब वर आला, टाचणीच्या डोक्याएवढा. मी अंडं ओल्या फडक्यात ठेवून पेटीत परत ठेवलं. आईने घड्याळाकडे बघितलं, मनातल्या मनात दहा वजा केले आणि म्हणाली, “अर्धा तास. मग पुन्हा.”

पाच वेळा तसं केलं. पाचव्यांदा कवचाची टोपी निघाली आणि मान सुटली. पिल्लाने डोकं उचललं, टाकलं, मग पायांनी स्वतःच रेटा दिला आणि ते जाळीवर घसरलं. ओलं, काळपट, माझ्या अंगठ्याहून थोडं मोठं. बेंबीशी किंचित रक्त होतं. श्वास चालू होता. एक पाय बाहेरच्या बाजूला फाकला होता.

दुसरी दोन अंडी मी आणखी दीड दिवस ठेवली. मग मागच्या अंगणात नेऊन उघडली. एकात पिल्लू अर्धवट होतं. दुसरं पुरतं झालेलं होतं. राखाडी लव, काळे पाय, नखंसुद्धा. ते चुकीच्या बाजूला तोंड करून बसलं होतं. मी खड्डा खणला, दोघांना ठेवलं, माती लोटली. वरून कुणी उकरू नये म्हणून आईने तिथे एक जड कुंडी सरकवली.

*

पिल्लाची लव वाळली ती राखाडीच निघाली. बाकी काही कळण्यासारखं नव्हतं. कोंबडी आहे की कोंबडा, हे दोन-तीन महिने कळत नाही. काकांना निरोप दिला तेव्हा ते लगेच आले, पेटीत डोकावले आणि नाक शिंकरत म्हणाले, “मी म्हटलंच होतं, एक दिवस थांब.”

“तुम्ही म्हणाला होतात बास कर.”

“तेच ते.”

फाकलेल्या पायाला त्यांनी चिकटपट्टीचा छोटा पट्टा केला, दोन्ही पाय मधे अंतर ठेवून बांधले. पिल्लू एका कुशीवर पडून राहिलं. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लं दोन दिवस काढतात. त्यानंतरही प्यायली नाहीत तर संपतात.

दोन दिवस दुपारी पूर्ण झाले. ते उभं राहिलं नव्हतं आणि पाण्याकडे त्याने पाहिलंही नव्हतं. आवाज काढणंही सकाळपासून बंद होतं. मी बाटलीच्या झाकणात कोमट पाणी घेतलं, पिल्लाला मुठीत धरलं आणि चोचीचं टोक पाण्याला लावलं. त्याने चोच मिटून घेतली. पाणी कडेने ओघळून माझ्या बोटांवर आलं.

“झोपलंय का?” आईने विचारलं.

“नाही.”

थोडं थांबून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. मुठीत त्याचं वजन जाणवत नव्हतं, फक्त धडधड लागत होती, तीही मोजता न येण्याइतकी भराभर. काका खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले.

“बसू दे त्याला जरा,” आई म्हणाली.

“वेळ नाही आता.”

“मग धर नीट. असं नाही, मान सैल सोड. तू त्याचं तोंड दाबतेस.”

मी बोटं सैल केली. आईने तिचा तळहात खालून माझ्या हाताला लावला. मी चोच तिसऱ्यांदा पाण्याला लावली आणि काढून घेतली नाही. आम्ही तशाच थांबलो. चोचीच्या कडेने पाण्यात एक बारीक वर्तुळ उठलं.

मग त्याने मान वर केली आणि गिळलं.

“पुन्हा,” आई म्हणाली.